फॉर्च्युनरची उंची वाढवताना: स्प्रिंग, स्पेसर आणि अप्पर आर्म यांचे जमले कुठे, बिनसले कुठे

देवगड तालुक्यातील आमची आंब्याच्या कलमांची बाग सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर आहे आणि डांबरी रस्ता सोडल्यापासून खोपीपर्यंतची सुमारे दोन किलोमीटरची वाट निव्वळ कातळावरून जाते. दर पावसाळ्यात व्हाळ (ओढा) या वाटेला एक नवी घळ पाडतो, मार्च-एप्रिलमध्ये माती उडून गेली की जांभ्याच्या धारा उघड्या पडतात, आणि बेड्यापाशी, म्हणजे बागेच्या प्रवेशाशी, तर गडग्याचा (दगडी कुंपणाचा) पायाच उंबरठ्यासारखा वर आलेला आहे. या उंबरठ्यावर गाडीचे पोट तीनदा घासल्यानंतर मी सस्पेन्शन उंच करण्याचा निर्णय घेतला. गाडी २०१९ सालची टोयोटा फॉर्च्युनर, २.८ लिटर डिझेल, फोर बाय फोर ऑटोमॅटिक. गेल्या तीन वर्षांत या गाडीवर उंच स्प्रिंग व शॉकअप, शॉकअपवरचे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या जाड चकत्या), पर्यायी अप्पर आर्म, मागच्या स्प्रिंगमधील हवेच्या पिशव्या आणि थोडे मोठे टायर असे पाच प्रकारचे भाग निरनिराळ्या वेळी बसवले गेले. त्यांपैकी एक जोडी मी पुन्हा काढून टाकली. प्रत्येक भागाची स्तुती त्याच्या विक्रेत्याकडून ऐकायला मिळतेच. पण दोन भाग एकत्र आल्यावर ते एकमेकांशी कसे वागतात, हे मला पैसे मोजून शिकावे लागले, म्हणून हे परीक्षण प्रामुख्याने त्या एकत्र येण्याचे आहे.

मुळात काय उचलले जाते आणि काय उचलले जात नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. फॉर्च्युनरच्या पुढच्या बाजूला प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे वर एक आर्म (चाक धरणारा दांडा), खाली एक आर्म आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगसह शॉकअप. मागे मात्र अखंड एक्सल आहे, जो चार दांड्यांनी आणि एका आडव्या दांड्याने चॅसिसला जोडलेला असून कॉइल स्प्रिंगवर गाडीचा भार पेलतो. पुढचे डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणारा गिअरचा गोळा) चॅसिसलाच टांगलेले असल्यामुळे स्प्रिंग उंच केली की तेही वर जाते. मागच्या डिफरेन्शियलचा गोळा एक्सलमध्येच बसवलेला असल्यामुळे तिथे कितीही उंच स्प्रिंग घातली तरी गोळ्याची जमिनीपासूनची उंची एक मिलिमीटरही वाढत नाही. ती फक्त टायरच्या व्यासाने वाढते. बेड्यातला दगड नेमका कुठे लागतो हे मी आधी खाली वाकून पाहिले असते, तर पहिल्याच दिवशी निम्मा विचार टायरचा केला असता.

पहिल्या टप्प्यात मी ओल्ड मॅन एमू या ऑस्ट्रेलियन ब्रँडच्या स्प्रिंग आणि शॉकअप यांचा चारही चाकांचा जुळता संच घेतला. जुळता हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. स्प्रिंग जितकी उंच आणि जितकी ताठ, तितके तिचे उसळणे आवरणारे शॉकअपही त्या मापाचे असावे लागते. केवळ स्प्रिंग बदलून मूळ शॉकअप ठेवले तर चाक खाली लोंबताना शॉकअप आपल्या लांबीच्या टोकाला लवकर पोहोचते आणि खड्ड्यातून बाहेर पडताना ठक्क असा ठोका ऐकू येतो. बसवल्यानंतर पंधरा दिवसांनी, स्प्रिंग बसकी झाल्यावर, मी चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर पुन्हा मोजले तेव्हा पुढे ४२ आणि मागे ४६ मिलिमीटर वाढ मिळाली होती. टायरच्या हवेचा या मापावर परिणाम होत नाही, म्हणून जमिनीपासून मोजण्यापेक्षा ही पद्धत बरी. फोंडाघाटाच्या वळणांवर गाडी पूर्वीपेक्षा कमी कलंडत होती आणि दाजीपूरच्या पुढे उखडलेल्या रस्त्यावर मागच्या आसनावरील माणसे पहिल्यांदाच तक्रार न करता राधानगरीपर्यंत पोहोचली. या संचाविषयी माझे मत आजही तेच आहे: ज्याला एकच बदल करायचा आहे, त्याने हा करावा आणि तिथेच थांबावे.

मी थांबलो नाही. पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित खाली दिसते, ती सपाट करायची आणि जमल्यास आणखी इंचभर उंची मिळवायची, या मोहाने मी जिल्ह्याबाहेरच्या एका गॅरेजात पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर २५ मिलिमीटर जाडीचे ॲल्युमिनियमचे स्पेसर बसवून घेतले. माझा हिशेब सरळ होता, ४२ आणि २५ मिळून ६७. गाडी जॅकवरून खाली आल्यावर टेप लावला तेव्हा एकूण वाढ ८६ मिलिमीटर भरली. ज्यांनी विहिरीवरची जुनी लाट (पाणी उपसण्याचा लांब दांडा) पाहिली आहे, त्यांना यातले गणित लगेच कळेल: आधाराजवळ वीतभर हललेला दांडा टोकाला हातभर हलतो. शॉकअपचे खालचे टोक हे खालच्या आर्मच्या टोकाशी नसून त्याच्या अधल्या-मधल्या भागात जोडलेले आहे, त्यामुळे वर घातलेल्या २५ मिलिमीटरचे चाकाशी जवळजवळ ४५ मिलिमीटर होतात. स्पेसर बसवणाऱ्याने हे सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

उंचीचा हा धक्का मात्र सर्वांत किरकोळ होता. स्पेसरमुळे स्प्रिंग अधिक दाबली जात नाही, तिचा कणखरपणाही बदलत नाही, म्हणून गाडी चालवताना पहिल्या दिवशी सर्व काही पूर्वीसारखेच वाटते. बदलते ते शॉकअपच्या संपूर्ण हालचालीचे स्थान. ती हालचाल सगळीच्या सगळी खाली सरकते. आमच्या नव्या शॉकअपची लांबी आधीच मूळ शॉकअपपेक्षा जास्त होती, कारण तो उंच केलेल्या गाडीसाठीच बनवलेला होता. त्याच्यावर स्पेसर चढल्यामुळे चाक हवेत लोंबेल तेव्हा ते मूळ रचनेने ठरवलेल्या मर्यादेच्या बरेच खाली जाऊ लागले. तिथे तीन गोष्टी एकाच वेळी अडतात. अप्पर आर्म स्प्रिंगच्या वेटोळ्यांना टेकतो, वरचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) आपल्या वाटीच्या काठाशी अडखळतो, आणि चाक फिरवणाऱ्या पुढच्या शाफ्टचा सीव्ही जॉइंट (तिरक्या कोनातही फिरणारा सांधा) इतक्या तिरक्या कोनात फिरतो की त्याच्या रबरी आवरणाच्या, म्हणजे बूटच्या, घड्या एकमेकींवर घासतात. उलट दिशेलाही नुकसान आहे. मोठ्या खड्ड्यात चाक वर येते तेव्हा रबरी स्टॉपरने धक्का झेलायचा असतो, पण स्पेसरने शॉकअप खाली ढकललेला असल्यामुळे स्टॉपरला टेकण्याआधीच शॉकअप आतून तळाला लागतो आणि जो मार रबराने खायचा तो पिस्टन खातो.

पुष्कळांचा असा समज असतो की फोर बाय फोर लावल्याशिवाय पुढच्या शाफ्टवर ताण येत नाही. या गाडीत पुढच्या चाकांना सुटे करता येणारे हब नाहीत. टू व्हील मोडमध्येही चाकाबरोबर शाफ्ट आणि सीव्ही जॉइंट फिरतच असतात. त्यामुळे वाईट कोन हा केवळ सड्यावरचा प्रश्न राहत नाही, तो देवगड ते कोल्हापूर या प्रत्येक फेरीत किलोमीटरमागून किलोमीटर झिजवत राहतो. माझ्या गाडीत सुमारे सहा हजार किलोमीटरनंतर डावा बूट फाटला आणि रिमच्या आतल्या अंगाला ग्रीसचा फराटा उमटला. पावसाळ्याच्या तोंडावर हे घडले. फाटलेल्या बूटमध्ये लाल चिखल गेला की तोच जॉइंटला पॉलिश पेपरसारखा घासतो.

कुडाळच्या ज्या मेस्त्रींकडे शेवटी गाडी नेली, त्यांनी पुढचे चाक जॅकवर लोंबते ठेवून एका हाताने ते फिरवले, दुसऱ्या हाताने अप्पर आर्म आणि स्प्रिंग यांच्यामध्ये कागदाचा कपटा घालून पाहिला, तो अडकला, आणि ते म्हणाले, "काकानू, गाडी उचललात खरी, पण हाडां तीच आसत मा?" इतक्या नेमक्या शब्दांत हा विषय मला दुसऱ्या कोणी समजावलेला नाही. उंची देणाऱ्या भागांची बेरीज होते, पण चाकाच्या हालचालीची मर्यादा ज्या सांध्यांनी ठरते ते सांधे मूळचेच राहतात, आणि त्यांतला जो सर्वांत आधी अडतो तोच सगळ्या संचाची खरी मर्यादा ठरवतो. फॉर्च्युनरच्या पुढच्या बाजूला ही मर्यादा माझ्या अनुभवाने ४० ते ५० मिलिमीटरच्या आसपास आहे. ती कुठल्या मार्गाने गाठायची, उंच स्प्रिंगने की मूळ स्प्रिंगवर स्पेसर ठेवून, हा निवडीचा भाग झाला. पण दोन्ही मार्ग एकावर एक रचायचे नाहीत.

त्याच तपासणीत दुसरी एक गोष्ट उघड झाली, जिचा स्पेसरशी संबंध नव्हता. आर्मच्या टोकांना असलेल्या रबरी बुश आतल्या नळीला घट्ट चिकटवलेल्या असतात आणि त्या स्वतः पिळल्या जाऊनच आर्मला हलू देतात. म्हणून त्यांचे बोल्ट गाडी चारही चाकांवर उभी असताना, तिच्या नेहमीच्या उंचीवर अखेरचे आवळायचे असतात. आधीच्या गॅरेजात ते गाडी लिफ्टवर टांगलेली असतानाच आवळले होते. परिणामी गाडी खाली उतरल्या क्षणापासून प्रत्येक बुश कायमची पिळलेल्या स्थितीत होती आणि दोन बुशना वर्षभरातच भेगा गेल्या. कोणत्याही गॅरेजात गाडी उंच करण्याचे काम देणाऱ्याने हा एक प्रश्न आधी विचारावा. त्याच्या उत्तरावरून पुढचे सगळे काम कसे होईल याचा अंदाज येतो.

स्पेसर काढले, दोन्ही बूट आणि त्या दोन बुश बदलल्या. मग व्हील अलाइनमेंटचा प्रश्न उरला, कारण तो ४२ मिलिमीटरवरही होताच. पुढची बाजू उंच झाली की चाकांचा वरचा भाग बाहेर झुकतो आणि वरचा बॉल जॉइंट खालच्याच्या तुलनेत मागे कलण्याचे प्रमाण, ज्याला कॅस्टर म्हणतात, ते कमी होते. खालच्या आर्मच्या कॅम बोल्टने, म्हणजे फिरवून आर्म आतबाहेर सरकवणाऱ्या बोल्टने, चाकाचा झुकाव दुरुस्त करता येतो, पण त्याच बोल्टची फिरण्याची मुभा त्यातच संपते आणि कॅस्टरसाठी काही शिल्लक राहत नाही. माझ्या गाडीत उजवीकडे जेमतेम दीड अंश कॅस्टर उरला होता. याचा अर्थ स्टिअरिंग वळणानंतर आपणहून सरळ होत नाही. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या सरळ पट्ट्यावर ताशी नव्वदच्या वेगात गाडी सतत बारीक दुरुस्त्या मागत राहते आणि तासाभरात मनगटे दुखू लागतात. पर्यायी अप्पर आर्म हा यावरचा उपाय आहे. त्याचा बॉल जॉइंट मुळातच मागे सरकवलेला आणि उंच गाडीच्या कोनाला जुळवलेला असतो, शिवाय आर्मचा आकार स्प्रिंगपासून दूर वाकवलेला असल्यामुळे तो तिला टेकत नाही. बसवल्यानंतर दोन्ही बाजूंना तीन अंशांच्या किंचित वर कॅस्टर मिळाला आणि स्टिअरिंगला पुन्हा वजन आले.

तरीही अप्पर आर्मला मी बिनशर्त पसंती देणार नाही. माझ्याकडील आर्मच्या बुश पॉलियुरेथेनच्या आहेत. त्यांना वेळच्या वेळी ग्रीस दिले नाही तर त्या कुरकुरतात, आणि कोकणातल्या जुलै-ऑगस्टमध्ये ते ग्रीस धुऊन जायला फार दिवस लागत नाहीत. मी दर तीन महिन्यांनी ग्रीसगन लावतो. ज्यांची गाडी वर्षातून दोनदा सर्व्हिसिंगला जाण्यापलीकडे कोणी खाली वाकून पाहत नाही, त्यांनी रबरी बुश असलेला आर्म शोधावा किंवा ४० मिलिमीटरच्या आत राहून कॅम बोल्टवरच भागवावे. पुढचे डिफरेन्शियल खाली सरकवणारे ठोकळेही मला सुचवण्यात आले होते. त्यांनी शाफ्टचा कोन थोडा सुधारतो हे खरे, पण त्यासाठी मिळवलेल्या उंचीतील काही भाग नेमक्या डिफरेन्शियलखालीच परत द्यावा लागतो. ते मी घेतले नाहीत.

मागच्या बाजूची कथा वेगळी आहे, कारण तिथे माझा शत्रू उंची नसून भार होता. हंगामात तिसरी रांग दुमडून मागे हापूसच्या वीस पेट्या जातात, पाच डझनी पेटी पंधरा ते वीस किलोंची धरली तरी तीनशे ते चारशे किलो होतात. म्हणून पहिल्या संचात मी मागे कायम २०० किलो जादा भारासाठी असलेली स्प्रिंग निवडली होती. एप्रिल-मेमध्ये ती उत्तम चालली. जूनपासून पुढे मात्र रिकाम्या गाडीत ती इतकी ताठ वाटे की खारेपाटणच्या पुढच्या प्रत्येक पुलाच्या सांध्यावर मागची बाजू उडत असे. दोष स्प्रिंगचा नव्हे. दोन महिन्यांच्या भारासाठी बारा महिन्यांची स्प्रिंग निवडणाऱ्याचा. आता मध्यम भाराची स्प्रिंग आणि तिच्या वेटोळ्यांच्या आत बसणारी हवेची पिशवी अशी जोडी आहे, आणि या सबंध प्रकरणात एकमेकांशी खऱ्या अर्थाने जमलेली जोडी हीच. रिकाम्या गाडीत पाच पीएसआय, पेट्या भरल्यावर वीस. पिशवी पूर्ण रिकामी ठेवू नये, कारण मग ती वेटोळ्यांत चिमटली जाऊन फाटते. दोन्ही बाजूंच्या नळ्या एकाच वाल्वला जोडण्याचा स्वस्त मार्गही टाळावा, कारण घाटातल्या वळणावर दाबल्या गेलेल्या बाजूची हवा सरळ दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी अधिकच कलंडते. पिशवीने गाडीची पाठ सरळ राहते, पण उत्पादकाने ठरवलेली भारक्षमता वाढत नाही, हे पेट्या मोजताना विसरून चालत नाही.

मागे आणखी एक बारीक गोष्ट होते. एक्सल मध्यभागी धरून ठेवणारा आडवा दांडा एका टोकाला चॅसिसशी आणि दुसऱ्या टोकाला एक्सलशी बांधलेला असल्यामुळे, बॉडी वर गेली की तो एक्सलला किंचित एका बाजूला ओढतो. माझ्या मापात हा फरक सहा मिलिमीटर आला. लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा बाजारात मिळतो, परंतु सहा मिलिमीटरसाठी तो घेणे मला हौशीचे वाटले.

टायरकडे मी शेवटी वळलो, वळायला हवे होते आधी. मूळच्या २६५/६० आर १८ ऐवजी २६५/६५ आर १८ घेतल्यावर व्यास हिशेबाने साडेसव्वीस मिलिमीटरने वाढतो आणि एक्सल त्याच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम तेरा मिलिमीटरने वर जातो. तेरा मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण बेड्यातल्या दगडाला मागचा गोळा लागणे त्यांनीच थांबले. बदल्यात स्पीडोमीटर सुमारे साडेतीन टक्के कमी दाखवतो, म्हणजे काट्यावर ऐंशी असताना गाडी त्र्याऐंशीच्या जवळ असते, आणि घाट चढताना गिअरबॉक्स एखादा गिअर अधिक वेळ खाली धरून ठेवतो. पुढचे चाक पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लॅस्टिक लायनरला टायर घासत होता. तो लायनर गरम हवेने मागे दाबून घ्यावा लागला.

फायद्याचे एक उदाहरण इथे दिलेच पाहिजे. गुहागरला जाताना जयगड ते तवसाळ या फेरीबोटीवर ओहोटीच्या वेळी रॅम्प धक्क्याशी चांगलाच तिरका टेकतो आणि लांब नाकाच्या गाड्यांचे बंपर तिथे हमखास घासतात. आमची गाडी आता तिरकी न घेता सरळ चढते. मात्र उंच गाडी आहे म्हणून ती किनाऱ्यावरील वाळूत नेण्याचे समर्थन मी करणार नाही. ऑलिव्ह रिडले कासवे ज्या किनाऱ्यांवर अंडी घालतात, तिथे चाकांना कामच नाही.

खाऱ्या हवेत या भागांची निगा हा स्वतंत्र खर्च आहे. स्प्रिंगवरील रंगाचा थर जिथे दगड लागून उडतो तिथे एका पावसात गंज धरतो, आणि कॅम बोल्ट तर बुशच्या आतल्या नळीत असे जखडतात की दोन वर्षांनी अलाइनमेंटसाठी ते कापावे लागतात. बसवतानाच त्यांना अँटी-सीझ (जखडू न देणारा) लेप लावून घ्यावा आणि सप्टेंबरअखेर गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुऊन घ्यावे.

कायद्याचा भाग थोडक्यात, पण गंभीरपणे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ हे उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अनधिकृत बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला बदल लेखी कळवणेही आवश्यक आहे, नाहीतर नेमक्या अपघाताच्या वेळी वाद उभा राहतो. हे सर्व माहीत असूनही ज्याला गाडी उचलायची आहे, त्याने ती कमीत कमी उचलावी. गुरुत्वमध्य वर गेल्यावर घाटातला वेग कमी करावा लागतो, आणि हेडलाइटचा रोखही त्याच दिवशी खाली आणून घ्यावा लागतो, कारण समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाने आपल्या हौशीची शिक्षा का भोगावी?

आज गाडीवर जुळती स्प्रिंग-शॉकअप, अप्पर आर्म, मागच्या पिशव्या आणि ते टायर एवढेच आहे. पुढे ४२, मागे स्प्रिंग बदलल्यापासून ३८ मिलिमीटर. स्पेसरची जोडी खोपीच्या माळ्यावर पडून आहे. गेल्या शिमग्याला एका परिचिताने ती मागितली होती. त्याची गाडी खाली वाकून पाहिली, पुढे आधीच उंच स्प्रिंग बसवलेली दिसली, म्हणून दिली नाही.